आक्का आणि बिनपरवानगीचे पाहुणे

भिवंडीच्या खाडीकाठी जिथं पूर्वी भात पिकायचं तिथं आता गोडाउनं उभी आहेत, आणि जिथं शेतकरी राबायचे तिथं शेठ मिरवतात. त्यातलाच एक धनेश. या शेठला चारचौघांत ‘शेंबड्या’ म्हणायची छाती एकाच बाईची होती. ती त्याची आत्या. सगळा गाव तिला आक्का म्हणे, म्हणून धनेशही आक्काच म्हणायचा.

आक्काचा बाप शिडाच्या पडावावर, म्हणजे मालवाहू होडीवर, तांडेल होता; सगळे खलाशी त्याच्या हुकमात. कौलं, रेती, भात, जे मिळेल ते वाहायचा. आक्का लहानपणी त्याच्याबरोबर पार समुद्राच्या तोंडापर्यंत गेलेली. लग्न झालं, नवरा लवकर गेला, ती माहेरी परतली. पुढं धनेशची आई वारली तेव्हा आक्कानं त्याला कडेवर घेतलं आणि अंबाडीच्या बाजारात सुकट विकून वाढवलं. एवढं करून निपजलं काय, तर बोलघेवडा. जमिनीवर गोडाउनं आली तशी धनेशच्या गळ्यात साखळी आली, मागं चार टाळकी आली आणि तोंडात ‘साहेब आपलेच’ हे पालुपद आलं.

गेल्या वर्षी त्यानं पांढरीशुभ्र लाँच घेतली. डोक्यावर कप्तानाची टोपी घालून तो मुंबईच्या बंदरात चकरा मारू लागला. पोहता येत नव्हतं ते वेगळंच. आक्का म्हणाली, “कोंबडीला मोराचं पीस खोचलं, तरी ती उकिरडाच उकरते.”

बंदरात त्याची गाठ एका परदेशी जोडप्याशी पडली. इंगा आणि योहान. दोघंच शिडाच्या होडीतून जगभर फिरत होती. भारतात यायचं त्यांच्या मनातही नव्हतं, पण वादळात सुकाणू मोडलं आणि आसऱ्याला मुंबईत शिरावं लागलं. इमिग्रेशनचे अधिकारी होडीवर चढले, पासपोर्ट पाहिले. व्हिसा नव्हता. सुकाणू दुरुस्त होईपर्यंत थांबा, पण होडीवरच राहा, परवानगीशिवाय जमिनीवर पाय ठेवू नका, असं त्यांनी बजावलं. दोघं निमूटपणे होडीवर राहत होती. समोर एवढं मोठं शहर दिसत होतं, पण त्यांना ते लांबूनच पाहावं लागत होतं.

धनेशला त्यांच्या दुःखाशी काय देणंघेणं! त्याला गावात बोट क्लब काढायचा होता आणि उद्घाटनाला गोरा चेहरा हवा होता. त्यानं दोघांना सांगितलं, “परमिशन मी काढलीय. साहेब आपलेच आहेत.” बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला. धनेशनं त्यांना लाँचमधून एका लहानशा धक्क्यावर उतरवलं आणि काळ्या काचांच्या गाडीत घालून गावात आणलं.

गावात बॅनर लागले होते. ‘सातासमुद्रापारचे पाहुणे’ अशी मोठी अक्षरं, खाली इंगा आणि योहान बोटाएवढे, आणि मधोमध टोपीवाला धनेश हत्तीएवढा. फेटे बांधले, शाली झाल्या, डीजे झाला. मग धनेशनं समुद्रावर भाषण ठोकलं. भरती कुठली आणि ओहोटी कुठली हे ज्याला कळत नाही, त्यानं लाटांशी झुंजायच्या गोष्टी सांगितल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आक्का मंडपाच्या कडेला बसली होती. इंगा तिच्याशेजारी येऊन टेकली. आक्कानं सहज तिचा हात हातात घेतला. दोर ओढून ओढून तळव्याला घट्टे पडलेले. आक्काच्या बापाचे तळवे असेच होते. ती इतका वेळ त्या बाईकडं धनेशच्या खेळातलं बाहुलं म्हणून पाहत होती, ते मनातून गेलं.

परक्या होडीवरच्या माणसाला परवानगीशिवाय जमिनीवर उतरता येत नाही, हे बापाबरोबर फिरलेल्या आक्काला ठाऊक होतं. धनेशची मुलगी क्षितिजा जवळच होती. आक्का तिला म्हणाली, “इचार तिला, उतराची परवानगी हाय का?”

क्षितिजानं इंग्रजीत विचारलं आणि तिचा चेहरा पडला. “आक्का, ती म्हणते पप्पांनी काढलीय. हिनं कागद मागितला तर पप्पा म्हणाले, कागद लागत नाही.”

आक्कानं धनेशला हाक मारून विचारलं. तो टोपी सावरत हसला. “आक्का, तुला काय कलतं? इंटरनॅशनल म्याटर हाय हा.”

“मना येवरंच कलतं, का दुसऱ्याच्या घरात शिरताना कडी वाजवाची असते. त्यांनी वाजवली व्हती. तू त्यांना खिडकीतून ओढून आणलंस.”

धनेश पाठ वळवून फोटोला उभा राहिला.

त्याच फोटोंनी घात केला. टाळक्यांनी ते मोबाइलवर इतके फिरवले की शेवटी इमिग्रेशनच्या लोकांपर्यंत पोहोचले. इंगा आणि योहानची चौकशी सुरू झाली. त्यांनी घडलं ते सांगितलं, धनेशचं नाव घेतलं. धनेशला फोन आला तेव्हा तो जेवत होता. “मी नाय ओळखत त्यांना,” तो म्हणाला. “आपणहून आले गावात. मला वाटलं, कागद असतील.” जेवण अर्धं टाकून त्यानं बॅनर उतरवायला माणसं पाठवली आणि स्वतः अकलोलीला पळाला. तिथं गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून, फोन बंद करून बसला. लाटांशी झुंजणारा कप्तान!

आक्काला त्याची बायको हेमालीनं हे सांगितलं, रडत रडत. आक्का रडली नाही. तिनं लुगडं बदललं आणि क्षितिजाला म्हणाली, “चल माझ्यासंगं.”

पोलीस ठाण्यात मुंबईहून चौकशीला अधिकारी आले होते. आक्कानं आत जाऊन सरळ सांगितलं, “त्या दोघांना माझ्या भाच्यानं, धनेशनं, खोटं बोलून आणलंय. लिवून घ्या.”

अधिकारी म्हणाले, “आजी, तुम्ही स्वतःच्या भाच्याविरुद्ध बोलताय, कळतंय ना?”

“भाचा माझा हाय. खोटं माझं न्हाय.”

क्षितिजानंही बापाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आणि खाली सही केली.

इंगा आणि योहानला कडक ताकीद मिळाली आणि दुरुस्ती होताच देश सोडायला सांगितलं. त्यांना अडकवून ठेवलं नाही. धनेशवर मात्र गुन्हा नोंदवला गेला, लाँच जप्त झाली. तो अकलोलीहून परतला तेव्हा त्याची कातडी उकडलेल्या खेकड्यासारखी लाल झाली होती.

“आक्का, तू मना बुरवलंस,” तो ओरडला.

“तू पान्यात व्हतास कवा बुराला?” आक्का म्हणाली. “कुंडात बसलेलास तू.”

गाव त्याला पाठीमागं ‘व्हिसाशेठ’ म्हणू लागलं. काल टाळ्या वाजवणारेच आता सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. आक्काला त्यांचीही किळस आली. तिनं एकदोघांना ओट्यावरून हाकलूनही दिलं. धनेशला शिव्या द्यायचा हक्क तिचा होता, या भाडोत्र्यांचा नव्हे. रात्री पडल्यावर तिला वाटायचं, याला वाढवताना आपलंच कुठं चुकलं?

धनेश तिच्याशी बोलायचा बंद झाला, पण जेवायला रोज तिच्याच चुलीपाशी येई, पाठ फिरवून बसे. आक्का त्याला वाढायची, पोटभर वाढायची. कालवणातलं माशाचं डोकं, जे लहानपणापासून मानानं त्याच्या ताटात पडायचं, ते मात्र आता क्षितिजाच्या ताटात जाऊ लागलं.