फणसाला टांगलेला साबण

कपडे बघून, चप्पल बघून, फार तर गाव-गोत विचारून माणसाची पारख करणारे लोक जगात पुष्कळ आहेत. पण आल्यागेल्याच्या हाताचा वास घेऊन त्याला घरात घ्यायचं की नाही हे ठरवणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा निघाला. व्याह्यांविषयी जपून बोलावं, हे मला कळतं. पण आमच्या व्याह्यांविषयी जपून बोलायला गेलं तर सांगण्यासारखं काही उरतच नाही, म्हणून सांगूनच टाकते.

गणेशगुडीच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचं घर. पुढे भाताचं शेत, मागे बांबूचं बेट, अंगणाच्या तोंडाशी एक फणस. त्या फणसाला सुतळीने साबण टांगलेला, खाली पाण्याची घागर आणि तांब्या. पाहुणा दिसला की व्याही ओट्यावरून उठतात. "राम राम. हात धुवा." धुतले, की "दावा बघू." नाक त्यांचं लांब, शेंड्याला किंचित खाली वळलेलं, देवाने जणू याच नोकरीसाठी दिलेलं. एकदा वनखात्याचा एक गार्ड सागाची फांदी कुणी तोडली याची चौकशी करायला मोठ्या रुबाबात आला. व्याह्यांनी आधी त्याला फणसाखाली नेलं. वास घेतला आणि म्हणाले, "चिक्की खाल्लासा." गार्ड वरमला. "व्हय, पर शेंगदाण्याची." "शेंगदाण्याची आन् काजूची सोयरीक हाय का न्हाई, मला ठावं न्हाई. परत धुवा." त्या बापड्याने हात धुतले, चूळ भरली, मिशाही धुतल्या, ओट्याच्या कडेला बसून चहा प्याला आणि गेला. फांदीची आठवण त्याला पार जोयड्याला पोचल्यावर झाली असेल.

माझ्या वेळी मात्र पंचाईत. विहिणीचा हात व्याह्याने धरायचा कसा? मग त्यांनी एक तोड काढली. स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधायचे आणि ओढ्यात मासा दिसलेल्या बगळ्यासारखी मान लांब करून माझ्या बोटांवरून नाक फिरवायचं. "विहीणबाई, राग मानू नगासा." मी म्हणायची, "राग कसला? आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात माझ्या हातांची एवढी विचारपूस केली नाही." व्याही लाजून लाल व्हायचे, पण वास पुरता घेतल्याशिवाय मान मागे न्यायचे नाहीत.

हे सगळं कशापायी, तर आमच्या दोघांच्या नातीपायी. गौरी तिचं नाव. व्याह्यांच्या परसात काजूचं झाड आहे, त्यांच्या वडिलांनी लावलेलं. गौरीला नुकते दात आले होते. व्याह्यांनी त्या सालचा पहिला काजू आपल्या हाताने भाजला, सोलला, फुंकर घातली आणि कौतुकाने तिच्या तोंडात घातला. बघता बघता पोरीचे ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, श्वास घरघरायला लागला. जीपमध्ये घालून दवाखान्याला नेली, वाचली. त्या दिवसापासून व्याह्यांनी काजूशी उभा दावा मांडला. पूर्वी माकडांना गलोल घेऊन हाकलणारे व्याही झाडाखाली उभे राहून माकडांना आर्जवं करायला लागले, "खावा बाबांनो, एक बी ठेवू नगासा." मग कुणीतरी विचारलं की माकडांचे हात कोण धुणार? झालं, पुन्हा गलोल. शेवटी झाडच एकाला काजू उतरवून न्यायला दिलं, आणि अट घातली की गौरी शाळेत असतानाच यायचं, अंगणातून जायचं नाही.

बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. पण गणेशगुडीला नदीत रबरी नावा सोडणारे शहरी पाहुणे काय कमी आहेत? व्याही पुडा घेऊन काठावर उभे. नावेतून थरथरत, ओल्या चड्डीत उतरलेल्या पोराच्या हातात पुडा द्यायचा. "वाचा साहेब, मोठ्यानं." दात वाजत असताना तो बिचारा मैदा, साखर, तेल असं पाठ म्हणून दाखवायचा. उळवीच्या जत्रेत त्यांनी प्रसाद देणाऱ्या म्हाताऱ्यालाही सोडलं नाही. "ह्यात काय काय घातलंय?" म्हातारा म्हणाला, "भक्ती." व्याही म्हणाले, "भक्ती चालंल. काजू न्हाई चालायचा."

अशा माणसापुढे गौरीला तपासणाऱ्या बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी एक दिवस सांगितलं की आता गौरीला काजूच खायला घालून बघता येईल. आम्ही सगळे तिथेच होतो. व्याही खुर्चीवरून उठलेच. "ज्या सापानं डसलं त्येच्यासंगं रोज खेळायला लावतासा?"

बाई शांत होत्या. "खेळायला नाही, आजोबा. चुकून पाय पडलाच तर विष कमी चढावं, एवढ्यासाठी." मग त्यांनी नीट समजावलं. अगदी चिमटीतसुद्धा येणार नाही एवढी पूड, मोजून, रोज. मात्रा वाढवायची ती दवाखान्यातच, त्यांच्या नजरेसमोर. घरी दिली की पोरीने पळापळ करायची नाही, ताप असेल तर विचारल्याशिवाय द्यायची नाही. खाज सुटेल, पोट दुखेल, एखाद्या वेळी मोठा त्रासही होईल, म्हणून इंजेक्शन कायम हाताशी. हे पुष्कळ दिवसांचं काम, आणि एवढं करूनही मूठभर काजू खायची मोकळीक मिळेलच असं नाही. "घाई नाही. घरी जाऊन ठरवा," म्हणाल्या.

ठरवा म्हणणं सोपं असतं. माझी लेक तयार होती. "मामंजी, औषध देताना काय झालं तर आपण तिच्यापाशी असू, इंजेक्शन हातात असंल. ती उद्या शाळेत, सहलीला गेली आन् कुणी चुकून खायला दिलं तर तिच्यापाशी कोण?" व्याही म्हणायचे, "मी असतो." "जलमभर?" यावर ते उठून साबणाची सुतळी बदलायचे. जावई बायकोकडे बघायचे, मग बापाकडे, मग छपराकडे. आणि मी? मला दोघांचंही पटायचं. दवाखाना एवढा लांब, म्हणून औषध हवं, हेही खरं. आणि दवाखाना एवढा लांब, म्हणून औषधाची भीती, हेही खरंच.

असे बरेच दिवस गेले. एका रविवारी मी तिथेच होते. व्याही ओट्यावर सुपारी कातरत होते, गौरी फणसाखाली. शेजारची रेणू धावत आली, दोन्ही तळहात पुढे करून. मावशीच्या लग्नाची मेंदी लागली होती, ती दाखवायची होती तिला. आमच्या गौरीने काय करावं? दोन्ही हात पाठीमागे बांधले, मान बगळ्यासारखी लांब केली, वास घेतला आणि म्हणाली, "हे काय लावलंयस? मागं सर." रेणूचा चेहरा पडला. हात फ्रॉकला पुसत ती आली तशी परत गेली. आणि गौरी उड्या मारत ओट्याशी आली. "अज्जा, मी घालवलो तिला!"

मला आधी हसूच आलं. मग व्याह्यांकडे बघितलं. अडकित्ता तसाच उघडा राहिला होता.

तिन्हीसांजेला ते माझ्यापासून चार हातांवर येऊन बसले. म्हणाले, "विहीणबाई, दारात राखणीला कुत्रं एक बास हाय. पोरीला कशाला भुकायला शिकिवलो मी?" मग घसा खाकरून म्हणाले, "त्या डाक्टरीणबाईंचा दवाखाना सकाळी कितीला उघडतोय?"

बेळगावला गेल्यावर त्यांनी आधी डॉक्टरीणबाईंच्याच हातांचा वास घेतला. त्यांनीही हसून हात पुढे केले. "शेवटचा," व्याही मला म्हणाले. मात्रा आली. केळ्याच्या कुसकरलेल्या चमचाभर लगद्यात कुठे होती ती पूड, दिसतही नव्हती. व्याही वाकून म्हणाले, "एवढुशी? मुंगीला तरी पुरंल का?" आणि त्याच दमात, "जास्ती न्हाई न्हवं झाली?" नर्सने चमचा माझ्या लेकीच्या हाती द्यायला पुढे धरला तर गौरी म्हणाली, "आईनं नको. अज्जाच्या हातानं."

व्याह्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. याच हाताने दिलेला तो पहिला काजू पोरीला आठवत नव्हता; त्यांना आठवत होता. ते बेसिनपाशी गेले, कितीतरी वेळ हात धूत राहिले. मग चमचा घेतला. "आ कर," म्हणाले, आणि तिच्याआधी स्वतःच आ केला.

मग नुसतं बसायचं होतं. गौरीला माकडांची गोष्ट हवी होती. व्याही सांगू लागले, पण त्यांचं माकड झाडावर चढलं ते काही खाली उतरेना. डोळे सगळे पोरीच्या ओठांवर. मधेच तिने ओठ चोळला तेव्हा कुणीतरी माझा हात गच्च धरला. बाईंनी येऊन बघितलं, म्हणाल्या, थोडी खाज आहे, जाईल. गेली. नर्सने "आता घरी जावा" म्हटल्यावर व्याह्यांच्या ध्यानात आलं की आपण विहिणीचा हात धरून बसलोय. एकदम सोडला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून टाकले. सगळ्याच गोष्टींची थट्टा करायची नसते.

औषध चालू आहे. एकदा पोटात दुखलं, तेव्हा बाईंनी मात्रा थोडी मागे नेली. कुठवर पोचेल ते बाईही सांगत नाहीत. रोज चमचा अज्जाच्याच हाताने, आणि नंतर ओट्यावर बसून माकडाची गोष्ट; ते अजून झाडावरच आहे. साबणही फणसालाच आहे, पाहुण्याने हात धुवायचेच. रेणूची मेंदी केव्हाच उतरली, पण ती येते, धुतलेले हात झटकत सरळ आत पळते.

परवा मी गेले. घागरीतलं पाणी घेतलं, हात धुतले, आणि सवयीने पुढे धरून उभी राहिले. व्याही ओट्यावरूनच म्हणाले, "या की विहीणबाई आत, चा गार व्हायलाय." आत जायला काहीच हरकत नव्हती. तरी मी तशीच, ओले हात पुढे धरून, जरा वेळ फणसाखाली उभी राहिले.