फुटक्या करंज्या

नाताळच्या करंज्या तळताना एखादी कढईत फुटली, की करपलेल्या सारणाचा वास घरभर पसरतो आणि माझी मान आपोआप खाली जाते.

लग्नानंतरचा तो पहिलाच नाताळ, पलूसमधला. हसतमुखानं द्यावं, असं आमच्या ख्रिस्ती देवळात प्रवचन ऐकून मी घरी आले आणि ताटं भरायला बसले. अख्ख्या करंज्या शेजारच्या डॉक्टरांसाठी. फुटक्या मागच्या झोपडीतल्या, सरपण विकून पोट भरणाऱ्या पारूआजींसाठी. त्यात चुकून एक अख्खी गेली.

आजींनी ताट दोन्ही हातांनी घेतलं. "लय चांगलं केलंस बाय. फुटकी असली की सारण आधी दिसतंय," म्हणत त्या मनापासून हसल्या. करंज्या त्यांनी आपल्या परातीत काढून घेतल्या, पदरानं ताट पुसलं आणि ती एकुलती एक अख्खी करंजी त्यात ठेवून ताट मला परत दिलं.

"सणाचं ताट रिकामं धाडू न्हाई."

आजींना काही कळलं नाही, म्हणून तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आता वाटतं, त्यांना सगळं कळलं होतं.

आणि ती करंजी? घरी येताच मी ती डॉक्टरांच्या ताटात ठेवली. तिथं एक कमी पडत होती.