बकरीच्या तोंडी माझा संदेश

आमच्या अख्ख्या खानदानात सिनेमातलं कळणारा एकच माणूस आहे, आणि तो मी आहे. (पुरावा : साहेबांच्या निरोप समारंभाचा व्हिडिओ मी बनवला होता. तो बघून साहेब रडले होते. का रडले, ते मी विचारलं नाही.)

म्हणूनच मे महिन्यात मोडनिंबहून ताईचा फोन आला.

"आमची सायली त्ये मातीच्या बाहुल्यांचा सिनेमा करायचा म्हणती. तिचे वडील लई तापल्यात. म्हणत्यात, दहावी सुरू व्हायच्या आत काय ते करून दाखव, न्हायतर मोबाईल कपाटात! तुला कळतंय त्यातलं. बघ की जरा."

बघतो म्हणजे काय! मी तिला दुसऱ्याच दिवशी सोलापूरला, शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी बोलावून घेतलं.

पोरगी आली ती रंगीत क्लेची पाकिटं आणि मोबाईलचा स्टँड घेऊन. तिनं मला सगळं समजावलं. क्लेची बकरी केसभर हलवायची, फोटो काढायचा. परत हलवायची, परत फोटो. फोटो भराभर दाखवले की बकरी चालायला लागते.

"आणि गोष्ट काय?" मी विचारलं.

"बकरी दोरीवरचा शर्ट खाती. बास."

"आणि संदेश?"

"कसला संदेश?"

मी कीव आल्यासारखा हसलो. तासाभरात त्या बकरीनं शर्ट खाणं सोडलं आणि ती पाणीबचतीवर बोलू लागली.

"मामा, बकरी बोलती व्हय?"

"संदेश असला की कुणीही बोलतं!"

मग पंख्याचा प्रश्न आला. पंख्यानं दोरीवरचा शर्ट हलत होता, म्हणून मी पंखा बंद केला. मे महिन्यात. सोलापुरात!

"अहो, पंखा लावा की! माणसं वितळायलीत!" बायको ओरडली.

"कलेसाठी सोसावं लागतं!"

बकरीला ते सोसलं नाही. तिचे चारही पाय मऊ पडले.

"मामा, बकरी बसली."

"बसू दे. विचार करतेय असं दाखवू."

"मामा, फोटोत तुमचं बोट येतंय."

"तू फोटो काढ!"

आठवडाभर मी ऑफिसातून आलो की हेच चालायचं. बकरीचा आवाजही मीच दिला. भारदस्त. सायली आधी वाद घालायची, मग "व्हय मामा" म्हणायला लागली, मग नुसते फोटो काढायला लागली. मला वाटलं, शिकतेय.

शनिवारी संध्याकाळी ताई आणि दाजी आले. शेजारीपाजारीही बोलावले. टीव्हीला मोबाईल जोडून मी आधी प्रास्ताविक केलं. (ते सिनेमापेक्षा लांबलं, असं नंतर कळलं.) मग सिनेमा. बसलेली बकरी माझ्या आवाजात पाणी वाचवा म्हणत होती. मध्येच आभाळातून एक प्रचंड अंगठा खाली यायचा आणि जायचा. शेजारच्या पोरानं विचारलं, "काकी, ती बकरी आजारी आहे का?"

दाजींनी हात पुढं केला. "कळलं. आण मोबाईल हिकडं."

सायलीनं मान खाली घातली. मी घसा साफ केला.

"दाजी, गोष्ट तशी तिचीच होती..."

(होय. हे वाक्य मी बोललो.)

सायलीनं माझ्याकडं एकदाच बघितलं. तेवढ्यात बायको उठली. "थांबा दाजी. अजून एक आहे."

पडद्यावर क्लेचा एक माणूस आला. पोट सुटलेला, चष्मा नाकावर घसरलेला. त्याचं तोंड सारखं चालू होतं, पण आवाज नव्हता. समोर बकरी उभी. चारही पायांवर! ती थोडा वेळ ऐकते, मग त्याच्या शर्टाचं टोक खाते. मग खिसा. मग कॉलर. माणूस बनियनवर येतो, तरी बोट उगारून बोलतोच आहे. बकरी शांतपणे रवंथ करते.

लोक लोळायचे बाकी राहिले. मीसुद्धा मोठ्यानं हसत होतो. मग तो चष्मा ओळखीचा वाटला.

"आरं, ह्यो तर हुबेहूब..." दाजी डोळे पुसत म्हणाले, माझ्याकडं बघितलं आणि खोकले.

"बघ," ताई भाबडेपणानं म्हणाली, "मामानं किती शिकवलं तुला!"

"व्हय," सायली म्हणाली. नम्रपणे.

दाजींनी मोबाईल तिच्या हातात परत ठेवला. "करत जा. पण अभ्यास बी बघ."

ती माझ्याजवळ आली. "मामा, राग आला?"

"छे! कसला राग?"

तोवर पडद्यावर शेवटच्या पाट्या आल्या होत्या. मदत : मामी. आणि खाली, मोठ्या अक्षरांत : विशेष आभार, मामा, रोज दहा ते सहा ऑफिसला गेल्याबद्दल.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी. दाजी सायलीला म्हणाले, "उद्याचा दिवस ऱ्हा अजून. मामी आन् तू करा आणिक एखादा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तरी मी डबा भरून घेतला आणि दहाच्या ठोक्याला बाहेर पडलो. कुठं निघालात, म्हणून बायकोनं विचारलंही नाही. मुलांच्या कलेला घरातल्या माणसानं एवढा तरी हातभार लावायला नको?