थेंबही न घेणाऱ्या गुरुजींचं लिव्हर

दवाखान्यातले रिपोर्ट फाइलला लावता येतात, किस्से कुठं लावायचे? परभणीत पोटाचे आणि लिव्हरचे पेशंट बघण्यात माझी वीस वर्षं गेली. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पेनं साठावीत तसे हे किस्से साठत गेले. पेनं निदान कुणीतरी उचलून नेतं. किस्से कुणी नेत नाही, उलट आणखी आणून टाकतात!

*

सोपानराव पालमजवळच्या एका खेड्यातले. पहिल्यांदा आले तेव्हा डोळे पिवळेजर्द, पोटात पाणी झालेलं. मी विचारलं, "दारू किती घेता?"

"कधीमधी, साहेब."

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "खोटं बोलायलेत! कधीमधी सोडतेत!"

मी स्पष्ट सांगितलं, "लिव्हर दारूनं बिघडलंय. आज थांबलात तर बरंच सावरेल. नाही थांबलात तर माझी औषधं नुसती शोभेला." त्या दिवसापासून सोपानरावांनी खरंच सोडली. असे पेशंट मला बोटावर मोजण्याइतकेच भेटलेत.

*

सोपानरावांना घेऊन आले होते त्यांचे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ दिगंबर गुरुजी. रिटायर्ड शिक्षक आणि गावच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. माझ्या केबिनमध्ये बसून त्यांनी दाजींना दारूवर भाषण दिलं. भाषणाच्या ओघात गुरुजींचं पोट टेबलाला लागत होतं. मी सहज म्हटलं, "गुरुजी, तुमचीही तपासणी करून टाकू."

रिपोर्ट आला. लिव्हरवर चरबी, आणि लिव्हर कडक व्हायला सुरुवात झालेली.

गुरुजी ताडकन उठले. "रिपोर्ट बदलला, साहेब! हा दाजींचा हाय. माझ्या तोंडाला थेंब लागलेला न्हाई!"

"चहा किती होतो?"

"आठ-दहा कप. पण चहा म्हणजे काय व्यसन हाय का?"

"आणि गोड?"

"लोक आग्रह करतेत. निर्व्यसनी माणसाला न्हाई कसं म्हणावं?"

मी समजावलं की लिव्हर दारूनं बिघडतं तसं साखरेनं आणि वाढत्या वजनानंही बिघडतं. आत्ता दहा किलो उतरवलेत तर गाडी मागं वळेल. उशीर केलात तर नाही. गुरुजींनी तो रिपोर्ट घडी घालून धोतराच्या सोग्यात लपवला. गावात कुणी बघितला तर लोक काय म्हणतील, ही त्यांना लिव्हरपेक्षा मोठी चिंता!

*

मधेच एक वेगळा सांगतो. आपल्याकडे कावीळ झाली की झाडपाल्याची माळ डोक्यावर ठेवतात. माळ वाढत वाढत पायापर्यंत उतरली की कावीळ उतरली. जिंतूरकडच्या एका मुलीला खराब पाण्यानं कावीळ झाली होती. ही कावीळ बहुतेक वेळा आरामानं आपोआप जाते, तशी तिचीही गेली. वडील पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "गोळ्या तुमच्या होत्या, पण काम माळेनं केलं!"

मी पेढा तोंडात टाकला. मी दिलेल्या गोळ्या नुसत्या व्हिटॅमिनच्या होत्या.

पुढच्याच महिन्यात तो माळ देणारा बाबा स्वतः पिवळा होऊन माझ्यासमोर बसला. पित्ताच्या नळीत खडा अडकलेला. ही कावीळ खडा काढल्याशिवाय जात नाही. मी विचारलं, "बाबा, माळ घातली न्हाई का?"

"साहेब," बाबा म्हणाला, "माळ लोकांच्या काविळीला असती. ही तर माझी हाय!"

*

तीन महिन्यांनी गुरुजी आले ते तोऱ्यातच. "साहेब, कडक उपास धरले. सोमवार, गुरुवार, शनिवार. वर एकादशी!"

वजन केलं. दोन किलो जास्त!

"उपासाला काय खाता?"

"काहीच न्हाई. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, बटाट्याचा कीस आन् वरून साखर घालून दही."

त्या दिवशी मला हसू आलं नाही. लिव्हर आणखी कडक झालं होतं. गुरुजी माणूस लाख मोलाचा, अख्ख्या गावाची पोरं शिकवलेला. मला त्यांची खरोखर काळजी वाटली. मी सोपानरावांचा नवा रिपोर्ट त्यांच्यापुढं ठेवला. "बघा, पिणाऱ्याचं सावरायलंय आणि न पिणाऱ्याचं बिघडायलंय. त्यांनी कारण सोडलं. तुमचं कारण ताटात आहे आणि तुम्ही त्याला नमस्कार करून खाता."

गुरुजींनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "दाजीला जमलं, मला जमंल की!"

*

आणि जमलं! रोज पहाटे माळावर फेऱ्या, साखर बंद, वर्षभरात अकरा किलो कमी. लिव्हर मऊ व्हायला लागलं. मला तर आपणच पास झाल्यासारखं वाटलं.

पण गुरुजींचा चेहरा पडलेला. "गाव म्हणायलंय, गुरुजी वाळले, गाल बसले, लिव्हरच्या डॉक्टरकडं जातेत, म्हणजे चोरून पेतेत! अध्यक्षपद जायलंय, साहेब. मी पीत न्हाई असं सर्टिफिकेट द्या."

मी सही-शिक्क्यासकट दिलं. गावसभेत ते वाचलं गेलं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "पैशानं काय बी मिळतं!"

शेवटी सोपानराव उभे राहिले. "मी वीस वर्षं पेलोय. पेणारा मला लांबून कळतो. हा माणूस पीत न्हाई!"

गावानं लगेच मान्य केलं. माझ्या डिग्रीपेक्षा त्यांचा अनुभव मोठा!

*

गेल्या आठवड्यात गुरुजी पुन्हा आले. चेहरा फुललेला, हातात पत्रिका. संशय घेतल्याची भरपाई म्हणून गावानं त्यांचा सत्कार ठरवलाय. सत्कार म्हणजे पेढेतुला! तराजूच्या एका पारड्यात गुरुजी आणि दुसऱ्यात पेढे. प्रमुख पाहुणा मी.

"अभिनंदन, गुरुजी! पण पेढे तुम्ही खायचे नाहीत."

"छे, छे! ते गावाला वाटायचे." गुरुजी खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, "पर एक अडचण झालीय. समितीनं पेढे माझ्या जुन्या वजनावर सांगितलेत. अकरा किलो उरायलेत, साहेब! गावाची लय बेइज्जती होईल. तुमी फक्त महिनाभर पथ्य बंद ठेवायची चिठ्ठी द्या!"