त्या जेलीत हाडं नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. यशवंतानं घरी केलेली जेली मी चारचौघांसमोर ‘ह्यात जनावराची हाडं असतात’ म्हणून परत पाठवली. ती हाडांची नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तिला लागणारं चायना ग्रास, ते समुद्रातल्या शेवाळाचं पांढरं गवत, बेळगावच्या खडेबाजारातून मीच आणलं होतं. यशवंत गेल्याला आता दीड महिना होईल. निरोप आला तेव्हा मी कोगनोळीला एका लग्नाच्या पंगतीत होतो. हातातला घास मी खाली ठेवला नाही. खाल्ला, वर ताकही मागितलं. स्वतःची शिसारी त्या ताकापासून यायला लागली, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं... पण ती फार जुनी आहे.

निपाणीतल्या एका सरकारी कचेरीत यशवंत आणि मी बरोबरच कारकून म्हणून लागलो. मी चिकोडीकडचा जैन, शेतीवाडीतला; तो निपाणीचाच, बौद्ध, त्याची आई तंबाखूच्या वखारीत कामाला. पहिल्या आठवड्यातच तो मला ‘अण्णा’ म्हणायला लागला. हॉटेलात आम्ही एका बशीतली भजी खायचो आणि त्याचं मला काही वाटत नसे, म्हणजे मी सुधारलेला आहे अशी माझी समजूत होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो हेडक्लार्क झाला आणि त्यानं कचेरीतल्या मंडळींना घरी बोलवायचं ठरवलं. मी म्हटलं, शिरा कर. तो हसला. “शिरा केला की लोक भांडं बघत्यात, पाणी कुठलं ते बघत्यात. जेली करतो. बेळगावात साहेब लोक खात्यात. डब्यातलं फळ, कारखान्यात कापल्यालं, कुणाचा हात न्हाय लागल्याला. हिला जात न्हाय, अण्णा.” जेलीच्या पुड्यात हाडांचं जिलेटिन असतं हे त्याला मीच सांगितलं, चायना ग्रासचा उपायही मीच सुचवला. मग तो म्हणाला, “फकस्त एक कर. पयला चमचा तू घे. तू जैन, तू खाल्लास की बाकीचे गुमान खात्यात.” मी ‘व्हय’ म्हणालो.

त्या दिवशी सकाळपासून मी त्याच्याकडंच होतो. अननस आणि चेरीचा डबा त्याच्या मिलिटरीतल्या मावसभावानं कँटीनमधून आणला होता. डबा उघडायचं हत्यार कुणाकडं असणार? खिळा लावून वर बत्ता हाणला, पाक भिंतीवर उडाला. त्याची आई, जिला मीही आक्काच म्हणायचो, पदर तोंडाला लावून म्हणाली, “फळं खायाची हायती का लढाई करायची रं?” चायना ग्रास भिजवलं, उकळलं, गाळलं, त्यात पाक, साखर आणि लाल रंग घातला. बेळगावच्या कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या बटलरकडून मागून आणलेल्या कंगोऱ्याच्या साच्यात फळं रचून वर ते ओतलं. फ्रीज नव्हता. सोडावॉटरच्या दुकानातून भुशातला बर्फ आणला आणि घमेल्यात साचा रोवून ठेवला. दुपारी ताटात उलटा केला तर जेली अख्खी सुटली. यशवंतानं ताटाला टिचकी मारली, ती थरथरली, आणि तो खुदकन हसला.

संध्याकाळी मंडळी आली. आक्कानं एकेकाच्या हातात बशी दिली. माझी बशी देताना तिचा अंगठा जेलीला लागला; तंबाखूनं काळपट पिवळा पडलेला, नखापर्यंत रापलेला. बशीतला लाल गोळा हलत होता, पाकाला डब्याच्या पत्र्याचा वास येत होता... आणि माझा घसा मिटला. ओकारीच्या आधी सुटतं तसं तोंडाला पाणी सुटलं. आमचे वयस्क अकौंटंट, ज्यांना सगळे रावसाहेब म्हणत, चमचा अधांतरी धरून माझ्याकडं बघत होते. “काय अण्णा, चालतंय न्हवं?” सगळ्यांचेच चमचे थांबले होते. घशाला कारण हवं होतं. ते मी दिलं. “चालत न्हाय. ह्यात जनावराची हाडं असतात.”

“बेड, बेड,” रावसाहेब कानडीत म्हणाले, नको नको, आणि त्यांनी बशी खाली ठेवली. मग सगळ्यांनीच ठेवल्या. त्यांचे चेहरे मी बघितले. धक्का कुणालाच बसला नव्हता; सुटका झाली होती. यशवंतानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. एका वाक्यात तो मला उघडं पाडू शकला असता. “बरं झालं सांगितलंस, अण्णा. चूक झाली माझी,” एवढंच म्हणून त्यानं बशा स्वतः उचलल्या. आक्का दारात उभी होती.

पुढं कचेरीत वर्षानुवर्षं थट्टा चालली. “काय हेडक्लार्क, आज डब्यात हाडकं?” मीही हसायचो. हे लिहिताना किळस येते, पण हसायचो. एकदा हॉटेलात चहा पिताना धीर करून विचारलं, “आक्काला खरं सांगितलंस?” “काय सांगू?” तो म्हणाला. “हाडामुळं खाल्लं न्हाय, हे तिला सोसतंय. तिच्या हाताचं म्हणून खाल्लं न्हाय, ते न्हाय सोसायचं.” आणि नेहमीसारखा त्यानं आपल्यातला अर्धा चहा माझ्या बशीत ओतला. मी तो प्यायलो. हॉटेलात मला काही होत नसे.

परवा त्याच्या घरी गेलो. आक्का पार वाकली आहे. सुनेनं आणलेला चहा तिनं स्वतः माझ्यापुढं ठेवला. “घ्या अण्णा. नुसतं दूध-साखर हाय, दुसरं काय न्हाय.” मी कप उचलला. मग ती म्हणाली, “मागं लेकरानं चूक केलती. तुमास्नी हाडाचं खाऊ घालाय निघालतं. मनात धरू नगा आता, गेलं बिचारं.” मेलेल्या लेकाच्या वतीनं ती माझी माफी मागत होती. मी चहा संपवला, ‘असू दे, आक्का’ म्हणालो आणि उठलो. असू दे... म्हणजे क्षमा करून आलो मी!

हे छापून आलं की कचेरीतले वाचतील, रावसाहेबांच्या घरीही कुणीतरी वाचेल. आक्काला वाचता येत नाही. तिच्या लेकाचं काही चुकलं नव्हतं, जेली स्वच्छ होती आणि किळस मला तिच्या हाताची आली होती, हे तिच्यासमोर बसून माझ्या तोंडानं सांगणं अजून बाकी आहे.