चूलबंद आवतण

मी रायपुरातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत असे, हिंदीतून. दुसऱ्या वर्षाला एक धडा होता, माणसं एकमेकांना का आवडतात याचा. मुलं त्याची वाट पाहत. "सर, वो शादी वाला चैप्टर कब आएगा?" असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं आणि वर्ग हसायचा. धड्यात मात्र फारसं रंगीत काही नव्हतं. जवळ राहणारी माणसं आवडू लागतात, आपल्यासारखी असलेली आवडतात, आणि आपण ज्यांना आवडतो ती आपल्याला आवडतात. एवढंच. त्याच्या पुढचा धडा नाकारलं जाण्याचा. परीक्षेत त्यावर क्वचितच प्रश्न यायचा, त्यामुळे मुलं तो वाचतच नसत.

बायको अमरावतीची. मी रायपुरातल्याच ब्राह्मणपाऱ्यातला. मराठ्यांचं राज्य होतं तेव्हापासून आमचं घराणं इथलं, त्यामुळे आडनाव मराठी आणि बोलणं हिंदी. मराठी आमच्याकडे देवघरात आणि पत्रिकांत उरली होती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिनं मला विचारलं होतं, "तुमी लोक मराठी हाय का मराठीचे पाहुणे?" मला तेव्हा ते नुसतं गमतीचं वाटलं.

राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं आणि नागपूर, अकोला, यवतमाळकडची कितीतरी कुटुंबं नोकरीनिमित्त इकडे आली. आम्हीही त्याच सुमारास शंकर नगरात घर घेतलं. तिनं ही सगळी घरं हुडकून काढली. भाजीवाल्याशी कोण मराठी वळणाची हिंदी बोलतं ते ऐकून ती ओळख काढायची. पाहता पाहता तिनं आमच्याभोवती एक गाव वसवलं, आणि त्या गावात मी तिच्या मागे मागे जाऊन बसू लागलो. पुरुषांच्या पंगतीत मला जागा असे, चार शब्द बोलले की पुरे असत. मला वाटायचं, मी मुळातच कमी बोलणारा आहे हे सगळ्यांनी समजून घेतलंय.

या घरांमधला मोठा सण महालक्ष्म्यांचा. दोघी उभ्या राहतात, दुसऱ्या दिवशी जेवण असतं, तिसऱ्या दिवशी हळदीकुंकू. जेवणाचं आवतण द्यायला बाईच येते, हातात करंडा घेऊन. घरच्या बाईला कुंकू लावते आणि म्हणते, "चूलबंद हं." म्हणजे तुमच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची नाही, सगळ्यांनी आमच्याकडेच जेवायचं. वेगवेगळी नावं घ्यावी लागत नाहीत. चुलीला सांगितलं की घराला सांगितलं.

बायको गेली त्या वर्षी कुणी बोलावलं नाही. ते रीतीला धरूनच होतं, आमच्या घरी वर्षभर सण नव्हता. दुसऱ्या वर्षी मात्र मी वाट पाहिली. वाट पाहतोय असं स्वतःलाही कळू न देता पाहिली. संध्याकाळी व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसायचो, फाटक नीट दिसेल अशी खुर्ची ठेवून. रस्त्यात भेटणारे सगळे चांगलं बोलत. "काय भाऊजी, तब्येत बरी हाय ना?" बरी आहे म्हटलं की पुढे जात.

जेवणाच्या दिवशी सकाळी मी गॅस पेटवला नाही. चहासुद्धा केला नाही. दुपारी शेजारच्या घरात पंगती बसल्या. भिंतीपलीकडून पाट सरकवल्याचा, भांड्यांचा आवाज येत होता, पुरणाचा वास येत होता. बंगळूरहून मुलीचा फोन आला. तिला मराठी समजते, पण ती बोलते हिंदीत.

"खाना खाया, पापा?"

"खाईन. शेजारी महालक्ष्म्या आहेत."

"तो आप चले जाओ ना. अपने ही लोग हैं."

"बोलावलं नाही, बेटा."

ती म्हणाली, "भूल गए होंगे."

ऊन उतरल्यावर मी खिचडी टाकली. कुकरची शिटी पलीकडे ऐकू जाईल म्हणून पातेल्यात टाकली. ती शिजेपर्यंत मी माझाच धडा स्वतःला लावून पाहत होतो. जवळ राहणं? मध्ये एकच भिंत होती. सारखेपणा? तीच भाषा, तोच सण. म्हणजे तिसरं कारण उरलं. त्यांना आवडत होती ती माझी बायको. मी तिच्याबरोबर यायचो म्हणून मलाही ताट मिळे. हे कळायला पुस्तक लागत नव्हतं, पण मी ते पुस्तकासारखं शांतपणे स्वतःला समजावलं, आणि खिचडी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनी कुंपणाशी फुलं तोडत होत्या. मी आत वळणार तोच म्हणाल्या, "काय भाऊजी, काल तुमचं पान वाट पाहून पाहून वाळून गेलं. कोणाचा राग आला का?"

"मला आवतण कुठं होतं, वहिनी?"

त्यांच्या हातातली जास्वंद तशीच राहिली. त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अहो! तुमी सांगतलं नाई भाऊजींले?"

त्यांचे यजमान मंत्रालयात आहेत. नव्या रायपूरची बस पकडायची घाई, तोंडात ब्रश. ते दारातूनच म्हणाले, "मी काहून सांगू? आवतण बायका देतात."

"अन मी कोणाले देऊ? त्या घरात बाईच नाई, तर मी कुंकू कोणाले लावू?"

बोलून गेल्या आणि मग त्यांना आपलंच बोलणं ऐकू आलं. यजमान आत गेले. वहिनी फुलांच्या परडीकडे पाहत राहिल्या.

"आली होती मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "करंडा घेऊन, फाटकापर्यंत. तुमी वाचून राहिले होते. मले सुचेच ना काय करू. उभी राहिली जराशी अन वापस आली. म्हटलं, हे सांगतील."

बाकीच्या घरांतही असंच झालं असणार. माझं मन तेव्हा हलकं व्हायला हवं होतं. मला कुणी नाकारलं नव्हतं. पण नाकारणाऱ्यानं निदान आपला विचार तरी केलेला असतो. इथे नुसती वाट बंद झाली होती. मला बोलवायची वाट बायकोच्या कपाळावरून जात होती, आणि हे इतक्या वर्षांत ना त्यांना ठाऊक होतं, ना मला.

त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी म्हणालो, "राहू द्या वहिनी. काही उरलं असेल तर डबा पाठवा."

"डबा? महालक्ष्मीचा प्रसाद उंबऱ्याबाहेर जात नाई. इतके वर्ष जेवले अन एवढं मालूम नाई?" आवाजात जरा जोर आला. "यावंच लागते. दुपारी या."

"आज तर बायकांचं हळदीकुंकू."

"मग? बायका काय खाऊन टाकतील तुमाले?"

मी गेलो. बाहेरच्या खोलीत दोघी महालक्ष्म्या उभ्या होत्या, त्यांच्या समोरच एकटा पाट मांडलेला. पुरण, आंबील, सोळा भाज्यांची मिसळ कालची, कढी आजची. पंगतीत मी नेहमी शेजारच्याचं पाहून जेवत असे, तो काय मागतो, कधी उठतो. इथे शेजारी कुणी नव्हतं. वहिनी वाढून आत गेल्या. मी अर्ध्यावर होतो तेव्हा बायका यायला लागल्या. दारात येऊन मला पाहायच्या, पदर सावरायच्या, "भाऊजी, बसा बसा," म्हणून भिंतीकडेला टेकायच्या. मग कुणाच्या तरी सुनेचा विषय निघाला आणि बोलणं माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे सुरू झालं. ते सगळं ओळखीचं होतं. फक्त मध्येच तोडून बोलणारा एक आवाज त्यात नव्हता.

अकोल्याच्या एका काकूंनी आत जाऊन वाटीत कढी घेतली होती. एक घोट घेऊन त्या एकदम म्हणाल्या, "ती राहिली असती तर आतापर्यंत ओरडली असती, मीठ कमी हाय म्हणून."

सगळ्या हसल्या आणि लगेच माझ्याकडे पाहू लागल्या. दोन वर्षांत माझ्यासमोर तिचा विषय कुणीच काढला नव्हता. काकूंनी वाटी खाली ठेवली. आता मी उठून गेलो असतो तर तेही त्यांनी समजून घेतलं असतं, आणि पुढच्या वर्षी कुणी फाटकापर्यंतसुद्धा आलं नसतं.

"कमीच आहे," मी म्हणालो.

"मग मगापासून सांगता येत नव्हतं काय?" वहिनी आतून ओरडल्या. त्या मीठ घेऊन आल्या, ताटात वाढलं, माझ्याकडे न पाहता कढी पुन्हा घातली. बायका परत बोलू लागल्या. मी मान खाली घालून सावकाश जेवत राहिलो.