माळ्यावरचे मामा, दोन पुस्तकांत

वडिलांच्या पुस्तकातला सर्वांत सुंदर उतारा मी भरसभेत गहिवरून वाचला, आणि तो आत्याच्या पुस्तकातला निघाला.

बेचाळीसच्या चळवळीला पन्नास वर्षं झाली म्हणून डोंबिवलीतल्या आमच्या भागातल्या ज्येष्ठांनी एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. त्या वर्षी ज्याला त्याला बेचाळीस आठवत होतं. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मास्तर. त्यांच्या घराच्या माळ्यावर काही दिवस एक भूमिगत कार्यकर्ता लपलेला होता. घरातल्या दोन मुलांना सांगितलं गेलं की हे मामा आहेत, आणि मामा आलेत हे बाहेर कोणाला सांगायचं नाही. ती दोन मुलं म्हणजे आठ वर्षांचे माझे बाबा आणि बारा वर्षांची माझी आत्या. एवढ्या भांडवलावर दोघांनी त्या वर्षी एकेक पुस्तक लिहिलं. एकमेकांना न सांगता, स्वखर्चानं, आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एकाच छापखान्यात, कारण मी त्याच इस्टेटीत नोकरीला होतो आणि छापखानेवाला माझ्या ओळखीचा होता. पुस्तक छापून मिळेपर्यंत दुसऱ्याला सांगायचं नाही, अशी शपथ दोघांनीही मला घातली होती.

छापखानेवाल्यानं ओळखीचा मान राखून अशी शाई वापरली की मुखपृष्ठ हाताला लागायचं. म्हणून दोन्ही पुस्तकांना मी मुलीच्या शाळेच्या वह्यांतून उरलेला ब्राऊन पेपर घातला. पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

उतारा होता आजीच्या भाकऱ्यांचा. माळ्यावर एक माणूस वाढला आहे हे शेजारणीला कळू नये, म्हणून आजी जास्तीच्या भाकऱ्या थापताना हात कसा हलका ठेवायची, आवाज कसा दाबायची, याबद्दलचा. त्या पानावर ‘मी’ कुठेच नव्हता. इथेच मला शंका यायला हवी होती, कारण बाबांच्या पुस्तकात ‘मी’ नाही असं पानच नाही. पण पहिल्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या, आणि बाबा मान डोलावत होते. टाळ्या वाजल्या तेव्हा ते उठले आणि चक्क हात जोडून त्यांनी त्या स्वीकारल्या.

मागून आत्याचा आवाज आला, ‘‘बाळ, टाळ्या घेतल्यास ना? आता पुढचं वाक्य म्हणून दाखव.’’

बाबांना पुढचं वाक्य येत नव्हतं, कारण त्यांनी ते पुस्तक उघडलंच नव्हतं. ‘चि. बाळ यास, ताईकडून’ असं लिहून तिनं महिन्यापूर्वी पाठवलेली प्रत मी त्या दिवशी चुकून उचलेपर्यंत आमच्या टीव्हीवर, फुलदाणीखाली होती.

‘‘मला वाटलं मीच लिहिलंय,’’ बाबा म्हणाले. हा त्यांचा बचाव होता.

‘‘भाऊबीजेला माझी वाट बघू नकोस,’’ आत्या म्हणाली आणि माझ्याकडे न बघता ठाण्याला, तिच्या घरी, निघून गेली.

हे साधं नव्हतं. आजी-आजोबा गेल्यापासून दोघांना त्या घरातलं असं एकमेकांशिवाय कोणी उरलं नव्हतं. माझ्या आठवणीत आत्याची भाऊबीज एकदाही चुकलेली नाही. घरात कावीळ असतानाही ती आली होती आणि दारातूनच ओवाळून गेली होती. बाबा वरवर म्हणाले, ‘‘नाही तर नाही. या वयात काय ओवाळायचंय?’’ आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

तिथून माझा हमालीचा काळ सुरू झाला. आठ वर्षं थांबून मिळालेला फोन आमच्या घरात होता, आत्याकडेही होता. पण दोघांपैकी कोणीही तो उचलेना. निरोप मी पोचवायचे. कारखान्यातून सुटलो की आत्याकडे, आत्याकडून डोंबिवलीला.

‘‘तिला सांग, पिस्तूल होतं. शेणी-गोवऱ्यांच्या ढिगात मी लपवलं.’’

‘‘त्याला सांग, पिस्तूल नव्हतं. पत्रकांचं गाठोडं होतं आणि क्विनीनची बाटली. आणि शेणीच्या ढिगाकडे तो फिरकायचा नाही. विंचू असतात म्हणून.’’

‘‘तिला काय माहीत? ती स्वयंपाकघरात असायची.’’

‘‘हो, होते स्वयंपाकघरात. विचार त्याला, खायचं कोण होतं?’’

सगळ्यांत मोठं भांडण पोटदुखीचं. पोलीस झडतीला आले तेव्हा घरातलं एक मूल पोट धरून गडाबडा लोळायला लागलं आणि त्या गोंधळात माळा बघायचा राहिला, यावर दोघांचं एकमत. मूल कोणतं, यावर नाही. बाबांच्या पुस्तकात ते स्वतः लोळतात आणि ताई दाराआड रडते. आत्याच्या पुस्तकात ती लोळते आणि बाळ उंबऱ्यावर बसून शेंगा खातो.

‘‘शेंगा!’’ बाबा म्हणायचे. ‘‘ऑगस्टमध्ये शेंगा कुठून आल्या?’’

मी हे ठाण्याला पोचवलं. आत्या म्हणाली, ‘‘साठवणीच्या. आणि ऑगस्ट कशाला, झडती दिवाळीनंतर झाली. तेही त्याला आठवत नाही.’’

माझी बायको बाबांसमोर मला अहो म्हणायची आणि स्वयंपाकघरात अरे. ती स्वयंपाकघरात म्हणाली, ‘‘अरे, पन्नास वर्षांपूर्वीच्या शेंगांसाठी तू रोज उशिरा येणार असशील, तर येताना भाजी तरी आणत जा.’’

शेवटी बाबांनीच फर्मान काढलं. मी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचायची आणि खरं काय ते लेखी द्यायचं. ‘‘तू तटस्थ आहेस,’’ ते म्हणाले. मी कोणाच्या घरात राहतो ते मला आठवावं, असा तो स्वर होता.

मग जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला आणि दोन पुस्तकं दुसऱ्या बाजूला, असं सुरू झालं. या वेळी पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत ‘बाबा’ आणि ‘आत्या’ लिहून घेतलं होतं. वाचताना कळेना की ही दोघं एकाच घरात वाढली का. बाबांच्या पुस्तकात क्रांती म्हणजे आग. चावडी पेटते, तारा तुटतात, माळ्यावरच्या मामांचे डोळे अंधारात निखाऱ्यासारखे चमकतात, आणि आठ वर्षांचा एक मुलगा दर चार पानांनी देशासाठी मरायला तयार होतो. आत्याच्या पुस्तकात मामांना सर्दी झालेली असते. ते शिंकले की सगळं घर एकदम खोकायला लागतं. चावडी तिच्याही पुस्तकात जळते, पण तिला आठवतो दुसऱ्या दिवशीचा वास, आणि आजोबांनी तीन दिवस कोणाला शाळेत बोलावलं नाही ते. बाबांचं वाचून छाती फुगायची, आत्याचं वाचून भूक लागायची आणि मग भीती वाटायची.

आणि मग मला ते सापडलं. शोध लावल्याच्या आनंदात मी आमटी पँटवर सांडली.

दोन्ही पुस्तकांतून एक दिवस गायब होता, आणि तोही एकच. झडती होते, मामा वाचतात, घरात गूळ वाटला जातो. लगेच पुढच्या प्रकरणात मामा तुरुंगात असतात आणि तिथेच तापानं जातात. ते पकडले कसे गेले? माळ्याबद्दल पोलिसांना कोणी सांगितलं? पिस्तुलावर सहा पानं लिहिणारे बाबा यावर गप्प होते. शेंगांचा हिशेब ठेवणारी आत्याही गप्प होती.

रविवारी बाबा गॅलरीत दाढी करत होते. मी अगदी समीक्षकाच्या थाटात विचारलं, ‘‘बाबा, मामा सापडले कसे? ते पुस्तकात आलेलं नाही.’’

वस्तरा गालावरच थांबला. ‘‘ते कशाला हवंय?’’

‘‘वाचकाला प्रश्न पडतो ना.’’

‘‘ताईला विचारलंस?’’

‘‘अजून नाही.’’

‘‘विचारू नकोस.’’ बाबांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. ‘‘जमादारानं तिला एकटीला पोलीस चौकीत बसवून घेतलं होतं. दुपारभर. परत आली ती दोन दिवस बोलली नाही. बारा वर्षांची पोर ती. घाबरून काही बोलून गेली असेल, तर तिचा काय दोष? तू त्या विषयाला हात लावायचा नाहीस.’’

मला हात लावायचा नव्हता. खरंच नव्हता. पण दोन दिवसांनी ठाण्याला आत्यानं पोहे पुढे ठेवले आणि विचारलं, ‘‘झाली का तुझी तुलना?’’ मी एवढंच म्हणालो, ‘‘मामांना पकडल्याचा दिवस दोन्हीकडे सुटलाय.’’

आत्या कढईकडे वळली. गॅस बंद होता, तरी ती ढवळत राहिली. ‘‘बाळच्या पुस्तकातही नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘नक्की?’’

‘‘दोनदा वाचलंय.’’

‘‘त्याला विचारायला जाऊ नकोस हं,’’ ती म्हणाली. ‘‘जमादारानं त्याला खांद्यावर बसवून बाजारात फिरवलं होतं. खाऊ दिला होता. संध्याकाळी तो खूश होऊन घरी आला, आणि रात्री माणसं आली माळ्यावर. आठ वर्षांचं पोर. त्याला आठवत नाही असं मी धरून चालले होते. पण त्यानंही लिहिलं नाही म्हणजे...’’ ती बसली. ‘‘पन्नास वर्षं मनात ठेवलं की रे त्यानं.’’

मी पोहे खात राहिलो. दुसरं काय करणार?

‘‘भाऊबीजेला येते म्हणून सांग त्याला,’’ आत्या म्हणाली. ‘‘आणि तू तोंड बंद ठेव.’’

ती आली. चकल्यांचा डबा घेऊन, तोंड फुगवूनच आली. बाबा नवा शर्ट घालून पाटावर बसले होते. ते सकाळपासून तयार होते, हे मी तिला सांगितलं नाही.

‘‘हलू नकोस,’’ आत्या म्हणाली. ‘‘लहानपणीही असाच. टिळा कधी सरळ लावू दिला नाहीस.’’

‘‘तुझाच हात वाकडा जातोय.’’

‘‘माझा नाही, तुझं डोकं.’’

निरांजन फिरत असताना बाबा म्हणाले, ‘‘भाकऱ्यांचं बरं लिहिलंयस.’’

‘‘कोणी वाचून दाखवलं?’’

‘‘मी वाचलं. सगळं.’’ मग राहवेना म्हणून, ‘‘शेंगांचं सोडून.’’

‘‘शेंगा होत्या.’’

‘‘नव्हत्या.’’

‘‘पोट माझं दुखत होतं, बाळ.’’

‘‘मग मी काय करत होतो?’’

‘‘शेंगा खात होतास!’’

पन्नास वर्षांत पहिल्यांदाच भेटल्यासारखे दोघं भांडत होते. आवाज खालच्या मजल्यापर्यंत जात असणार. पण मी बारकाईनं ऐकत होतो. गूळ वाटण्यापर्यंत भांडण यायचं आणि तिथून दोघंही झर्रकन मागे वळायचे, पुन्हा पिस्तुलावर, पुन्हा शेंगांवर. त्या दिवसाच्या दारात दोघं पहारेकऱ्यासारखे उभे होते, एकमेकांना आत जाऊ न देता.

मला ते असह्य झालं. तीन महिने यांचे निरोप वाहिले, पँट खराब केली, आणि आता सगळं माहीत असलेला मी एकटाच गप्प! ताईनं सांगितलं असं भावाला वाटतंय, भावानं सांगितलं असं ताईला. दोघांपैकी कोणीच सांगितलं नसेल, गावातल्या तिसऱ्याच कोणीतरी सांगितलं असेल. निदान एवढं तरी त्यांना कळायला नको का?

मी स्वयंपाकघरात गेलो. बायको पुऱ्या तळत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हणालो, ‘‘मी आत्ताच जाऊन दोघांना सांगतो. सुटतील बिचारी.’’

तिनं झारा कढईच्या काठाला टेकवला.

‘‘अरे, सांग की,’’ ती म्हणाली. ‘‘पण आधी काय ऐकतील ते, ठाऊक आहे ना? ताईनं मला सांभाळलं, हे बाबांना नंतर कळेल. माझ्यामुळे माणूस मेला असं ताई जन्मभर धरून चालली होती, हे आधी. दोघांनाही हेच ऐकायला लागेल, आणि तेही भाऊबीजेच्या दिवशी. बाहेर भांडतायत ना? भांडू देत. तू बस, पुऱ्या लाट.’’